चेअरमन बोलेनात

धुळा बंडगरला गावात कुणी नुसतं "बरा हायस का?" असं कधी विचारलं नाही. विचारलंच, तर त्याच दमात पुढचा प्रश्न ठरलेला असायचा, "आणि अण्णा काय म्हणत्यात?"

अण्णा म्हणजे श्रेणिक मगदूम, पलूसजवळच्या त्या गावातल्या पाणी संस्थेचे अध्यक्ष. कागदावर अध्यक्ष, लोकांच्या तोंडी चेअरमन. कृष्णेचं पाणी मोटारींनी उचलून लांबच्या रानांत सोडायचं, हे संस्थेचं काम. आणि कुणाच्या उसाला पाण्याची पाळी आधी, कुणाच्या मागून, हे सांगायचं अण्णांनी. धुळा त्यांच्या गाडीचा ड्रायव्हर. त्यामुळं अण्णांच्या पोटात काय आहे ते धुळाला ठाऊक असणारच, असं गावानं परस्पर ठरवून टाकलं होतं. बिचाऱ्या धुळाला कुणी विचारलंच नव्हतं.

तो मूळचा जतकडचा, धनगराघरचा. विशीत असताना मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरला. लेंडीखतासाठी रानात मेंढरं बसवायची आणि मालकाकडून धान्य घ्यायचं, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. अण्णांच्या रानात तो असाच आला आणि तिथंच राहिला. आधी ट्रॅक्टर शिकला, मग गाडी. द्राक्षबागेच्या कडेला अण्णांनी दोन खोल्या बांधून दिल्या. तिथं त्याचा संसार झाला, पोरगा मल्हार तिथंच वाढला आणि आता शिरवळला एका कंपनीत लागला होता. जतकडच्या गावी धुळाचं म्हणायला आता भिंतसुद्धा उरली नव्हती.

अण्णा चारचौघांत मोजकं बोलायचे, पण गाडीचं दार लागलं की त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. वडिलांच्या आठवणी, तालुक्यातल्या पुढाऱ्यांची टवाळी, मधेच एखादं स्तवन, मधेच धुळाच्या गाडी चालवण्यावर शिव्या. "गड्या, मेंढरं हाकतोयस का गाडी?" हे तर रोजचंच. धुळाची आई गेल्याचा फोन आला त्या दुपारी त्याचे हात स्टिअरिंगवर ठरेनात. तेव्हा अण्णांनी त्याला बाजूच्या सीटवर ढकललं आणि स्वतः गाडी चालवत जत गाठलं. बँकेची मीटिंग होती, कुणी मोठे साहेब यायचे होते. अण्णांनी मागं वळूनही पाहिलं नाही. धुळा हे कुणाला सांगत नसे.

यंदाच्या उन्हाळ्यात संचालकांच्या बैठकीत अण्णांनी चहा पिता पिता सांगून टाकलं, "भाद्रपदातल्या सभेनंतर मी खुर्ची सोडणार. पुढचा कोण, ते सभेतच सांगीन." एवढं बोलून ते पाळ्यांच्या विषयावर वळले. पण बाकीच्यांचं पाळ्यांत कसलं लक्ष! अण्णांनी नाव घ्यायचं आणि सगळ्यांनी ते बिनविरोध उचलून धरायचं, अशी संस्थेची पहिल्यापासूनची चाल. म्हणजे सगळं त्या एका नावावर अडलेलं.

गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेले पाच-सहा होते, पण खरी नावं दोनच. एक अण्णांचा मुलगा जिनेश आणि दुसरा तरुण संचालक विश्वजीत पवार. मग सुरू झाला नुसता अंदाजांचा बाजार. गाडीत अण्णा नेहमी पुढं बसायचे; मागं कोण बसलं, खिडकीशी बसलं की मधे, यावर पारावर तासतासभर चर्चा व्हायची. विश्वजीतला तीनदा खिडकी मिळाली, तेव्हा निम्म्या गावानं त्याचं नक्की करून टाकलं. खरी गोष्ट अशी की विश्वजीतला गाडी लागते. हे धुळाला ठाऊक होतं, पण सांगणार कुणाला? जिनेशच्या सोयाबीनला पाणी दोन दिवस उशिरा सुटलं, तर "पोराला डावललं" अशी हवा. सलूनमध्ये, चक्कीवर, जिथं जाईल तिथं लोक धुळाला गाठायचे आणि तो तोंडात मिठाची गुळणी धरून उभा राहायचा. त्यानं अण्णांना एकदाही विचारलं नाही. आपला तो विषय नव्हे, असं त्याला मनापासून वाटायचं.

पर्युषणाचा पहिला दिवस उजाडला. जैन घरांत हे दहा दिवस मोठे. उपास, अभिषेक, रोजचं प्रवचन. अण्णांना मंदिरात सोडायचं म्हणून धुळा गाडी पुसत होता, तेवढ्यात आतून त्रिशलाअक्कांची हाक आली. हाक कसली, किंकाळीच. अण्णांच्या बायकोचा आवाज इतक्या वर्षांत कधी सोप्याबाहेर आला नव्हता.

अण्णा पलंगाच्या कडेला बसले होते. सदऱ्याची एक बाही घातलेली, दुसरी लोंबत होती. उजवा हात मांडीवर मेल्यासारखा पडला होता आणि तोंड एका बाजूला ओघळलं होतं. धुळाला बघून ते काहीतरी बोलायला गेले, पण घशातून नुसता घरघरल्यासारखा आवाज आला. तो आवाज त्यांनी स्वतः ऐकला आणि त्यांच्या डोळ्यांत जी भीती उतरली, ती धुळाला पुढं कितीतरी दिवस झोपू देईना.

पलूसचे ओळखीचे डॉक्टर आले, त्यांनी बघितलं आणि उभ्या उभ्या सांगितलं, "अर्धांगाचा झटका आहे. आत्ताच्या आत्ता सांगलीला हलवा. पहिले काही तासच मोलाचे असतात, उशीर झाला तर वाचा परत येईल याची खात्री नाही." डॉक्टर गेले. धुळानं किल्ली हातात घेतलीच होती.

एवढ्यात अंगणातून हाक आली. मंदिराच्या कमिटीतले एक म्हातारे गृहस्थ अण्णा अभिषेकाला का आले नाहीत ते बघायला आले होते. जिनेश आणि धुळा दोघेही दारात गेले. दोघांच्याही तोंडून शब्द फुटेना. म्हाताऱ्यांनीच दोघांकडं बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"मौन धरलं का काय अण्णांनी? दरवर्षी चतुर्दशीला धरत्यात, यंदा पहिल्या दिवसापासनं?"

दुसऱ्या एखाद्या गावात माणूस गप्प झाला की लोक विचारतात, काय दुखतंय का. इथं पर्युषणात माणूस गप्प झाला की लोक हात जोडतात. म्हाताऱ्यांनी हात जोडलेसुद्धा. जिनेश दार पुढं ओढत म्हणाला, "व्हय. धाही दिवस. कुणाला भेटणारबी न्हाईत."

दार लावून घेतल्यावर धुळा म्हणाला, "दादा, असं का सांगितलंसा? गाडी तयार हाय."

"जरा थांब धुळा." जिनेशच्या कपाळावर घाम होता. "आज सांगलीला नेलं तर सांजच्याला गावभर व्हतंय. अण्णा आडवं पडलं म्हटल्यावर विश्वजीत गप बसंल व्हय? सभेपतुर खुर्चीत जाऊन बसलेला असंल. अण्णांनी उभं आयुष्य घातलंय संस्थेत. डॉक्टरानं गोळ्या दिल्यात. सभा झाली की मुंबैला न्हिऊ, मोठ्या दवाखान्यात."

"पर डॉक्टर म्हणालं..."

"तुझं घर कुठं हाय, तेवढं ध्यानात ठेव." जिनेश हे खालच्या आवाजात बोलला, आणि बोलल्यावर त्यालाच लाज वाटली असावी, कारण तो लगेच आत निघून गेला. जिनेश काही दुष्ट नव्हता. बापाची खुर्ची आपल्याला मिळाली नाही तर लोक आपल्याला हसतील, ही एकच भीती त्याच्या डोक्यात बसली होती आणि तिनं त्याला आंधळं केलं होतं. आंधळ्या माणसाच्या हातात दुसऱ्याचा जीव असला की काय होतं, ते सांगायला नको.

गावात बातमी वाऱ्यासारखी पसरली. चेअरमननी दहा दिवसांचं मौन धरलं! बायका येऊन उंबऱ्याला हात लावून जाऊ लागल्या. संस्थेच्या कट्ट्यावर तर वेगळाच रंग भरला. कुणी म्हणे, नाव घ्यायची पंचाईत नको म्हणून म्हाताऱ्यानं युक्ती केली. कुणी म्हणे, युक्ती नव्हं, अण्णा आत बसून विचार करत्यात. उपाध्यक्ष नाथाजीनं यावर कडी केली. "मी सांगतो, लिहून ठेवा. पौर्णिमेच्या सभेत अण्णा मौन सोडणार, आणि पहिला शब्द जो निघंल, ते पुढच्या चेअरमनचं नाव."

हे सगळ्यांना इतकं पटलं की दोन दिवसांत ते नाथाजीचं राहिलंच नाही, खुद्द अण्णांनी सांगितल्यासारखं झालं. विश्वजीतच्या आईनं देव पाण्यात घातले म्हणे. लोक धुळाला अडवून विचारायचे, "खुणंनं तर काय सांगत असतील की रं? उजव्या हातानं का डाव्या?" धुळा मान खाली घालून चालू लागायचा. उजव्या हाताचं नाव काढलं की तो पावलं आणखी भरभर उचलायचा.

कारण आत, खिडक्या लावलेल्या खोलीत, तो अण्णांना चमच्यानं पेज भरवत होता. अर्धी पेज ओघळून मानेवर यायची. अण्णा त्याच्याकडं एकटक बघत, घशातून आवाज काढत, पुन्हा पुन्हा काढत, आणि जमेना म्हणून डाव्या हातानं पलंगावर बुक्क्या मारत. धुळाला वाटे, ते शिव्या देत असतील. देऊ देत. पण एक तरी नीट ऐकू येऊ दे, एवढंच त्याचं मागणं होतं.

मल्हारचा शिरवळहून फोन आला, तेव्हा धुळाला राहवलं नाही. द्राक्षबागेत एकटा उभा राहून त्यानं पोराला सगळं सांगितलं. मल्हारनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आबा, आमच्या कंपनीत एका मानसाला असंच झाल्तं. तासाच्या आत पुण्याला न्हेला. आज लाईनीवर उभा हाय, बोलतोय. गाडीची किल्ली कुणाच्या खिशात हाय, आबा?"

धुळानं फोन ठेवला. किल्ली त्याच्याच खिशात होती, आणि हेच त्याला खात होतं. जिनेश त्याला बांधून घालणार नव्हता. अण्णांना उचलून गाडीत घालायला त्याला कुणाची परवानगी लागत नव्हती. पण दोन खोल्या डोळ्यांपुढं यायच्या, बायको सुलाबाई यायची, मोकळं माळरान यायचं, आणि पाय उचलत नसे. आपल्या आईच्या दिवशी या माणसानं एक क्षण विचार केला नव्हता. आपण चार दिवस विचारच करतोय, हे त्याला कळत होतं. कळून काही होत नव्हतं.

पाचवा दिवस उत्तम सत्याचा. त्या दिवशीचं प्रवचन खरं बोलण्यावर असतं. त्रिशलाअक्का उपाशी पोटी मंदिरात गेल्या होत्या. परत आल्या त्या भिंतीला धरून धरून. अंगणात धुळा उभा होता; त्याच्याजवळ येऊन त्या खाली पायरीवर बसल्या.

"पंडितजी काय म्हणाले ठाऊक हाय? सत्य कसं असावं, तर आपल्या चेअरमनसाहेबांच्या मौनासारखं. सगळ्या बायका माझ्याकडं बघून हात जोडाय लागल्या." त्यांनी आपल्याच हातांकडं बघितलं. "आणि मी बी जोडले रं, धुळा. पोराच्या तोंडाकडं बघून पाच दिवस मी पाप खाल्लं. उपास कसला माझा? गाडी काढ."

"दादा रानात गेल्यात, अक्का."

"म्हणूनच म्हणतीया. काढ."

धुळानं अण्णांना दोन्ही हातांवर उचललं. एकेकाळी तो मेंढरू उचलायचा तसं सहज उचलता येतील इतके ते हलके झाले होते. मागच्या सीटवर अक्कांच्या मांडीवर त्यांचं डोकं ठेवलं आणि गाडी फाटकाबाहेर काढली.

आणि तिथंच गावानं ती पाहिली. दहा दिवस कुणाला न भेटणारे अण्णा भर दुपारी निघाले, म्हणजे काहीतरी ठरलं! शिवाय पुढची सीट मोकळी. "मोकळी सीट म्हंजी मोकळी खुर्ची," कट्ट्यावर कुणीतरी अर्थ लावला. सांगलीला कुणा मोठ्या माणसाशी बोलून नाव पक्कं करणार, हे तर शेंबड्या पोरालाही कळत होतं. विश्वजीतनं गाडी मागं लावली. त्याची गाडी बघून नाथाजीनं लावली. नांद्र्यापर्यंत मागं पाच-सहा गाड्यांची रांग झाली होती. आरशात ती वरात बघून धुळाला हसावं की रडावं कळेना. माधवनगर मागं पडलं. मागच्या सीटवर अक्का पुटपुटत होत्या आणि अण्णा डाव्या हातानं त्यांचा पदर घट्ट धरून पडले होते.

विश्रामबागेतल्या एका मोठ्या दवाखान्यासमोर गाडी थांबली. मागच्या गाड्याही थांबल्या. धुळा "स्ट्रेचर, स्ट्रेचर" म्हणून ओरडत आत धावला आणि अण्णांना गाडीतून बाहेर काढलं, तेव्हा त्या गाड्यांतून उतरलेली माणसं जागच्या जागी थिजली. कुणाला काही विचारावं लागलं नाही. ओघळलेलं तोंड सगळ्यांना दिसत होतं. विश्वजीत पुढं धावला आणि त्यानं स्ट्रेचरची एक बाजू धरली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, ते खोटं नव्हतं.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि बाहेर येऊन विचारलं, "झटका कधी आला?"

"पाच दिस झालं," धुळा म्हणाला.

डॉक्टरांनी हातातले कागद मिटले. मग म्हणाले, "हात-पाय व्यायामानं थोडे सुधारतील. बोलण्याचं मला सांगता येणार नाही. त्या दिवशी आणलं असतंत तर..." पुढचं त्यांनी गिळलं. धुळाला वाटलं, पूर्ण बोलले असते तर बरं झालं असतं.

तासाभरात जिनेश आला, तोच धुळाच्या अंगावर धावून. अक्का मधे उभ्या राहिल्या. "त्याला एक शब्द बोलायचा न्हाई. मी सांगितलं त्याला. आणि पाच दिवस आधी सांगाय पायजे हुतं."

पुढं जे झालं ते जिनेशला आधी कुणी सांगितलं असतं, तर त्यानं विश्वास ठेवला नसता. दवाखान्याच्या त्या व्हरांड्यातच विश्वजीतनं त्याचा हात धरला. "जिनेशदादा, अण्णांच्या घरात ही येळ आली असताना मी उभा ऱ्हाईन व्हय? तुमीच व्हा चेअरमन. आवं, पहिल्याच दिशी सांगितलं असतं, तरी मी हेच बोललो असतो." बाकीच्यांनी माना डोलवल्या. जिनेश भिंतीला टेकला. ज्या भीतीपायी त्यानं बापाला पाच दिवस अंधारात ठेवलं, तिला मुळात कारणच नव्हतं. कुणीच खुर्ची पळवणार नव्हतं.

पौर्णिमेला सभा झाली. जिनेश मगदूम बिनविरोध अध्यक्ष झाला. त्याच्या गळ्यात हार पडत असताना मागच्या रांगेत "आता उपाध्यक्ष कोण?" असं सुरूही झालं होतं. लोकांना दुसरं सुचतंय काय?

सभेच्या आदल्या दिवशी अण्णांना घरी आणलं होतं. खिडक्या उघड्या होत्या. सभेनंतरचा दिवस क्षमावाणीचा. वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल त्या प्रत्येकापुढं या दिवशी हात जोडायचे, "उत्तम क्षमा" म्हणायचं, आणि समोरच्यानंही तेच शब्द परत द्यायचे, तेव्हा क्षमा पुरी होते. सकाळपासून माणसं येत होती, अण्णांपुढं वाकत होती. अण्णा डाव्या हातानं त्यांना थोपटत होते.

सगळे गेल्यावर जिनेश आत आला. पलंगाशी गुडघे टेकून बसला आणि हात जोडले. "अण्णा, उत्तम क्षमा."

अण्णांनी त्याच्याकडं बघितलं. त्यांचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. डावा हात पांघरुणावर होता, तो तिथंच राहिला. जिनेश वाट बघत बसला. पुन्हा म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणाला.

अक्का हळूच म्हणाल्या, "त्यांनी मनात केली असंल रं."

"मनात काय हाय ते मला कसं कळणार, आई?" जिनेश रडत होता. मग त्यानं दाराशी उभ्या असलेल्या धुळाकडं मान वळवली. "धुळा, तुला कळतंय त्यांचं. बावीस वर्सं तू बघतोयस. सांग की, केली का त्यांनी माफी?"

इतकी वर्षं सगळं गाव धुळाला हेच विचारत आलं होतं, आणि तो तोंड मिटून राहिला होता. आज त्यानं अण्णांच्या डोळ्यांत नीट बघितलं. अण्णाही त्याच्याकडंच बघत होते. खिशातल्या किल्लीला त्याचा हात लागला.

"मला न्हाई कळत, दादा," तो म्हणाला. "मी बी तेच इचाराय आलोय."

आणि तो जिनेशच्या शेजारी गुडघे टेकून बसला.